‘मिस्टर इंडिया’चें पुनर्दर्शन

जुना बोलपट पुन्हां पाहणें हा पुष्कळांच्या मतें निरुद्योगी माणसाचा छंद होय. पुस्तक दुसऱ्यांदा वाचणाऱ्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं. कीर्तनांतील तेंच आख्यान दहादां ऐकणाऱ्यास तर भाविक म्हणून मान मिळतो. बोलपट मात्र एकदां पाहिला कीं संपला, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती आम्हांस मान्य नाहीं. पडद्यावरचें चित्र जसें पूर्वीं होतें तसेंच राहतें; मध्यंतरीं पाहणारा बदलतो आणि त्याच्या भोंवतालचें जगहि बदलतें. म्हणूनच लहानपणीं आवडलेली कृति मोठेपणीं पुन्हां पाहावी. तिचें मोल किती टिकलें हें तर कळतेंच, पण आपलें मन कोठें येऊन पोंचलें हेंहि कळतें.

या विचारानें आम्हीं नुकताच ‘मिस्टर इंडिया’ हा हिंदी बोलपट पुन्हां पाहिला. तो २५ मे १९८७ रोजीं प्रदर्शित झाला. त्या गोष्टीस आतां तीन तपांहून अधिक काळ लोटला आहे. त्या वेळीं जीं मुलें आठ-दहा वर्षांचीं होतीं, तींच आज या अंकाच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आईबाप आहेत. शहरांतील मुलांनीं तो चित्रगृहांत पाहिला. आमच्या ईटसारख्या गांवांकडे असे बोलपट पोंचत ते जत्रेंतील तंबूंत, भाड्यानें आणलेल्या व्हिडिओ-यंत्रावर, आणि पुढें दूरदर्शनवर. आजच्या विद्यार्थ्यांस तो ठाऊक आहे तो बहुधा त्यांतील खलनायकाच्या एका वाक्यापुरताच. तें वाक्य येथें देण्याचें कारण नाहीं. कोणत्याहि वर्गांत विचारलें तर चार मुलें हात वर करून तें म्हणून दाखवितील. परंतु ज्या बोलपटाचें एकच वाक्य उरतें, त्याचा आशय विसरला जाण्याचा संभव असतो. आणि या बोलपटाच्या बाबतींत तसेंच कांहींसें झालें आहे.

कथा थोडक्यांत सांगतों. समुद्रकांठच्या एका जुन्या भाड्याच्या घरांत अरुण वर्मा नांवाचा तरुण पोरक्या मुलांचा सांभाळ करीत राहतो. ‘कॅलेंडर’ नांवाचा एक स्वयंपाकी त्याच्या साहाय्यास आहे. पैशाची सदैव चणचण. घराचें भाडें थकलेलें, वाण्याची उधारी वाढलेली. म्हणून वरची खोली सीमा नांवाच्या एका वार्ताहर स्त्रीस भाड्यानें दिली जाते. तिला प्रथम मुलांचा तिटकारा असतो, पण हळूहळू तिचें मन पालटतें. अरुणाचे वडील शास्त्रज्ञ होते. त्यांनीं बनविलेलें एक यंत्र त्याच्या हातीं येतें. तें मनगटावर बांधून चालू केलें कीं मनुष्य दिसेनासा होतो. केवळ लाल प्रकाशांत तो दिसतो. या यंत्राच्या बळावर अरुण दुर्जनांशीं झुंज देतो, आणि लोक या न दिसणाऱ्या कैवाऱ्यास ‘मिस्टर इंडिया’ या नांवानें ओळखूं लागतात. एका गुप्त बेटावर राहून साऱ्या देशाचा नाश चिंतणारा मोगँबो हा त्याचा मुख्य शत्रु. अनिल कपूर, श्रीदेवी आणि अमरीश पुरी यांनीं या तीन प्रमुख भूमिका केल्या. शेखर कपूर हे दिग्दर्शक, सलीम-जावेद हे कथाकार, लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे संगीतकार. कसब, संगीत, विनोद या सर्व अंगांनीं बोलपट भरलेला आहे. सुमारें तीन तासांची त्याची लांबी मात्र आज थोडी जाणवते.

अदृश्य माणसाची कल्पना आपल्या चित्रपटांस नवी नव्हती. १९५७ सालीं ‘मिस्टर एक्स’ या बोलपटांत अशोककुमारांनीं अदृश्य होणाऱ्या नायकाचें काम केलें, आणि १९६४ सालीं ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्यें तेंच किशोरकुमारांनीं केलें. ‘मिस्टर इंडिया’मध्यें यंत्राचें रहस्य अरुणास सांगणारे वृद्ध शास्त्रज्ञ म्हणजे तेच अशोककुमार, जुन्या अदृश्य पुरुषानें आपली विद्या नव्याच्या हातीं दिली, असा एक गमतीचा योग यांत साधला आहे. त्याहि मागें जावयाचें तर नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचें स्मरण केलें पाहिजे. त्यांनीं १९१७ सालीं ‘लंकादहन’ काढून पडद्यावर मारुतीचा पराक्रम दाखविला. ‘मिस्टर इंडिया’मध्यें हनुमंताची मूर्ति हवेंत फिरून चोरांस चोप देते तो प्रसंग पाहतांना लहान मुलें आजहि टाळ्या पिटतात, आणि फाळक्यांचा वारसा सत्तर वर्षांनंतरहि जिवंत असल्याचें ध्यानांत येतें. आज जीं दृश्यें संगणकावर तयार होतात, तीं त्या काळीं पीटर परेरा यांच्यासारख्या कसबी छायाचित्रकारांनीं कॅमेऱ्याच्या व तारांच्या युक्तीनें साधलीं. हल्लींच्या मुलांस त्यांतील एखादी तार ओळखूं येते, पण त्यानें रस उणा होत नाहीं.

हें सर्व खरें असलें तरी तें या लेखाचें प्रयोजन नाहीं. बोलपट पुन्हां पाहतांना आमच्या मनांत एक निराळाच प्रश्न उभा राहिला. आपणांस कोणीहि पाहत नाहीं अशी खात्री झाली, तर मनुष्य कसा वागेल?

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो यानें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं आपल्या ग्रंथांत गायजीस नांवाच्या मेंढपाळाची गोष्ट घातली आहे. त्याला एक अंगठी सांपडते. तिचा खडा आंत फिरविला कीं तो अदृश्य होई. या अंगठीच्या जोरावर त्यानें राणीस वश केलें, राजास मारलें आणि राज्य बळकावलें. इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स याच्या १८९७ सालच्या कादंबरींतील अदृश्य शास्त्रज्ञहि शेवटीं लोकांस त्राहि भगवान् करून सोडतो आणि त्यांच्याच हातून मरतो. आपल्या रामायणांत मेघांआड लपून बाण सोडण्याची विद्या इंद्रजितापाशीं होती. तिचा उपयोग त्यानें कपटयुद्धासाठीं केला. उलट मारुतीनें लंकेंत प्रवेश करतांना सूक्ष्म रूप घेतलें खरें, पण रावणाच्या सभेंत तो आपलें नांव आणि आपल्या स्वामीचें नांव सांगून उघड उभा राहिला. देश वेगळे, काळ वेगळे. पण अदृश्य होण्याचें सामर्थ्य हातीं येतांच मनुष्य बिघडतो, अशीच साक्ष या कथा देतात.

‘मिस्टर इंडिया’ची कथा या साक्षीच्या विरुद्ध जाते. यंत्र हातीं आल्यावर अरुण राज्य मागत नाहीं, पेढी लुटीत नाहीं. भरल्या ताटांतलें अन्न उपाशी मुलांच्या हातीं जावें एवढीच त्याची पहिली हांव. असें कां व्हावें? कथाकारांनीं नायकास उगीच गुणी रंगविलें, असें म्हणून सुटका करून घेतां येईल. परंतु बोलपट नीट पाहिला तर उत्तर त्यांतच आहे. यंत्र येण्यापूर्वींचा दीर्घ भाग आम्हीं लहानपणीं कंटाळून पाहिला होता. यंत्र केव्हां येतें इकडेच सर्वांचें लक्ष असे. आज तोच भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. अरुणापाशीं कांहीं नव्हतें तेव्हांहि तो दुसऱ्याचीं मुलें आपलीं म्हणून वाढवीत होता. त्याच्या घरांत पीठ मोजून मळलें जात होतें. उधार मागतांना त्याला मान खालीं घालावी लागत होती. म्हणजे यंत्रानें त्याला नवें शील दिलें नाहीं. होतें त्यालाच हात लांब करून दिला. अमेरिकेंत १९७८ सालीं निघालेल्या बोलपटांतील सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून येतो, आणि त्याचें बळ जन्मजात असतें. अरुण चाळींतल्या कोणाहि माणसासारखा मनुष्य आहे, आणि म्हणून त्याचें उदाहरण आपणांस लागूं पडतें.

दुसरी एक गोष्ट पुनर्दर्शनांत प्रथमच लक्षांत आली. या बोलपटांत अदृश्य मनुष्य एकटा अरुण नाहीं. धान्यांत खडे मिसळणारा वाणी कोणास दिसतो? ज्याच्या दांताखालीं खडा येतो त्याला खडा दिसतो, मिसळणारा हात दिसत नाहीं. चोरटा माल उतरवून घेणारे प्रतिष्ठित वेषांत वावरतात. मोगँबो तर बेटावर लपलेला. ज्या देशाचा तो घात करतो त्या देशाला त्याचें तोंडहि ठाऊक नाहीं. त्याच्या माणसांनीं ठेवलेल्या बॉम्बनें टीना ही चिमुकली मुलगी मरते, आणि मारणारा तेथें नसतो. दुष्टता या बोलपटांत आरंभापासूनच अदृश्य आहे. कथेचा खरा झगडा दोन अदृश्यांमधला आहे: एक लपतो तो अपराधाची जबाबदारी टाळण्यासाठीं, आणि दुसरा लपतो तो उपकाराचें श्रेय टाळून.

बोलपटास दोष नाहींत असें नाहीं. एका गाजलेल्या नृत्यांत मागच्या नर्तकांस काळा रंग फासून हंसें पिकविलें आहे. माणसाच्या वर्णाची अशी थट्टा आज रुचत नाहीं आणि रुचूं नये. अरुण सीमेपाशीं आपली ओळख लपवितो, आणि ती ज्याच्यावर प्रेम करते तो कोण हें तिला ठाऊक नसतें. सज्जनासहि अदृश्यतेचा मोह कसा पडतो याचें हें उदाहरण समजावें. सर्वांत मोठा आक्षेप असा कीं, न दिसणारा एक मनुष्य स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच दंड देणारा होतो. गोष्टींत तें गोड लागतें. गांवांत तसें कोणी करूं लागला तर आज चोरास चोप मिळेल आणि उद्यां निरपराध्यास. भेसळीचा गुन्हा पारखण्यासाठीं १९५४ पासून आपल्याकडे कायदा होता. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पुढें त्याची जागा घेतली. तो कायदा कागदावर राहिला तर लोक अदृश्य कैवाऱ्याची वाट पाहूं लागतात, ही त्या टाळ्यांमागची खंत होती. मुलांनीं टाळ्या वाजवाव्या, पण वडील मंडळींनीं ती खंत ओळखावी.

भेसळीचा विषय आमच्या भागास परका नाहीं. भूम तालुक्याचा खवा दूरदूरच्या बाजारांत जातो, आणि कुंथलगिरीचें नांव तर खव्यामुळें व पेढ्यामुळें सर्वतोमुखीं आहे. पांच लिटरांच्या आसपास दूध आटवावें तेव्हां कोठें किलोभर खवा हातीं येतो. भट्टीच्या धगीपुढें बसून, कढई सतत ढवळून, दूध करपूं न देतां तो करावा लागतो. पहाटे भट्टीपाशीं बसलेल्या माणसास कोण पाहतें? पेढा खाणारा पुण्यास असतो, नाहीं तर हैदराबादेस. त्या घडीला तो कारागीरहि एक अदृश्य मनुष्यच असतो. मूठभर पीठ मिसळावें कीं मिसळूं नये, हें ठरवितांना त्याच्यापुढें पोलिस नसतो, गिऱ्हाईक नसतें. त्याचें मन तेवढें असतें. तरीहि इतक्या वर्षांत या भागाच्या खव्याचें नांव झालें, तें अशा न पाहिलेल्या पहाटेंत राखलेल्या इमानावर झालें आहे. विद्यार्थ्यांस हेंहि सांगावेंसें वाटतें कीं, बोलपटांतील लाल प्रकाशासारखी एक वस्तु आपल्या प्रयोगशाळेंत आहे. पिठूळ पदार्थ मिसळलेल्या खव्यावर आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले कीं तो निळा होतो. झांकलेली लबाडी उघडी पाडणारें कांहीं ना कांहीं सृष्टींत असतेंच. तें शोधून काढणें याला शास्त्र म्हणतात.

परंतु आजच्या मुलांच्या दृष्टीनें याहून निकडीची गोष्ट निराळी आहे. १९८७ सालीं अदृश्य करणारें यंत्र कल्पनेंत एकच होतें, आणि तें एका भल्या माणसाच्या मनगटावर होतें. आज तें घरोघरीं आलें आहे. मोबाइल फोनवर खोट्या नांवाचें खातें उघडावें, दुसऱ्याचें छायाचित्र लावावें, आणि वाटेल त्यास वाटेल तें लिहावें. लिहिणारा दिसत नाहीं. वर्गांतील एखाद्या मुलीच्या रूपाविषयीं, एखाद्या मुलाच्या जातीविषयीं किंवा त्याच्या बापाच्या कर्जाविषयीं जे शब्द समोरासमोर उच्चारण्याची कोणाची छाती होणार नाहीं, ते रात्रीं पांघरुणाखालीं बसून लिहिले जातात. सकाळीं ते सर्व वर्गानें वाचलेले असतात. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याला शाळेच्या दारांतून आंत येतांना पाय जड होतात. आणि ज्यानें लिहिलें तो त्याच्याच शेजारच्या बाकावर बसून त्याच्या पाटीकडे निरागसपणें पाहत असतो. यांत पालकहि अगदीं निर्दोष नाहींत. कोणीं लिहिलें, खरें कीं खोटें, याचा तपास न करतां एखाद्या समाजाविषयींचा विखारी मजकूर पुढें पाठविणारे हात पुष्कळदां मोठ्यांचेच असतात. मुलें तें पाहतात आणि शिकतात.

येथें कोणी म्हणेल कीं, असें लिहिणाराहि सांपडतो. फोनचा क्रमांक, संदेशाची वेळ यांची नोंद कोठें तरी राहतेच, आणि २००० सालचा माहिती-तंत्रज्ञान कायदाहि आहे. हें खरें आहे, आणि मुलांस तें सांगितलेंहि पाहिजे. तोहि एक लाल प्रकाशच होय. परंतु केवळ पकडले जाण्याच्या भयानें जो गप्प बसतो, तो प्रकाश मालवतांच पुन्हां लिहूं लागतो. गायजीसला भय नव्हतें म्हणून तो बिघडला, एवढेंच प्लेटोला सांगावयाचें नव्हतें. अंगठी हातीं असूनहि जो अन्याय करीत नाहीं तो खरा न्यायी, हा त्या विवेचनाचा पुढचा धडा आहे. तो धडा घरांत शिकावा लागतो, आणि यंत्र हातीं येण्यापूर्वीं शिकावा लागतो. मुलाच्या हातीं फोन देण्याआधीं तो कितीस घेतला याचा हिशेब आपण करतों; ज्या हातांत तो द्यावयाचा त्या हाताची परीक्षा करावयाचें मात्र राहून जातें. आपल्या ताटांतली अर्धी भाकर दुसऱ्यास देण्याची संवय ज्याला नाहीं, त्याला हजार माणसांपर्यंत पोंचणारा आवाज देणें धोक्याचें आहे.

अदृश्यतेचा चांगला उपयोग होऊं शकतो याचीं उदाहरणें मात्र आपल्या जिल्ह्यानें पडद्यावर नव्हे, प्रत्यक्ष पाहिलीं आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यांतील सास्तूर अशीं गांवें क्षणांत ढासळलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्यानंतरच्या दिवसांत दूरदूरच्या प्रांतांतून माणसें आलीं. त्यांनीं दगडमातींतून जखमी काढले, प्रेतें उचललीं, भाकरी वाटल्या, आणि तीं निघून गेलीं. पुढाऱ्यांचीं व संस्थांचीं नांवें नोंदींत राहिलीं. ज्या हातानें एखाद्या मुलास ढिगाऱ्यांतून वर ओढलें, त्या हाताचें नांव कित्येकदां त्या मुलासहि कळलें नाहीं. ते लोक सर्वांच्या डोळ्यांदेखत राबत होते, तरी एका अर्थीं अदृश्यच राहिले. त्यांच्यापाशीं कसलेंहि यंत्र नव्हतें.

‘मिस्टर इंडिया’च्या शेवटाकडे वाचकांचें लक्ष याच कारणासाठीं वेधावयाचें आहे. मुलें आणि सीमा मोगँबोच्या कैदेंत सांपडतात, त्यांचे प्राण संकटांत येतात, तेव्हां अरुण आपण कोण हें स्वतः सांगतो. पण यंत्र हरवलेलें असतें. अदृश्य होऊन दाखविणें त्याला शक्य नसतें. शेवटची झुंज तो दिसत असतांना, सामान्य माणसाच्या अंगबळानें देतो, आणि जिंकतो. लहानपणीं आम्हांस हा भाग निराशेचा वाटे. ऐन वेळीं यंत्र गेलें, ही कथाकारांची चूक वाटे. आज वाटतें कीं, साऱ्या कथेचें मर्म या एका घटनेंत आहे. ज्या चांगुलपणास लपण्याची सोय असेपर्यंतच धैर्य असतें, तो अपुरा होय. उपकार करतांना नांव लपवावें. अन्यायाशीं भांडतांना नांव सांगून उभें राहावें. अरुण हें दोन्ही करतो, आणि म्हणून या बोलपटाचा तो खरा नायक ठरतो.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत हा बोलपट मिळाला तर आईबापांच्या शेजारीं बसून अवश्य पाहा. त्यांस त्यांच्या लहानपणच्या गोष्टी विचारा. खलनायकाची नक्कल करून त्यांस हंसवा. पण बोलपट संपल्यावर एक प्रश्न मात्र प्रत्येकानें आपल्याशींच करावा, आणि त्याचें उत्तर कोणासहि सांगूं नये: काल, कोणी पाहत नसतांना, मीं काय केलें?